अनेक देशांच्या सामायिक पैशाला कायद्याच्या राज्याची अट: मसुदा लिहायचा कसा

नाशिकमध्ये आमचा एक छोटा अभ्यासगट आहे, त्यात लॉ करणारी पोरं-पोरी आहेत, यूपीएससी-एमपीएससीवाले आहेत, काही जण कॉलेजतर्फे मॉडेल युनायटेड नेशन्सला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीच्या नकलेच्या स्पर्धेला, जाणारे. दर वर्षी कुणीतरी ठराव लिहून आणतं की "जो सदस्य देश कायद्याचं राज्य पाळत नाही त्याचा निधी थांबवण्यात यावा" आणि मग बाकीचे विचारायला लागतात, कोण ठरवणार, कशावरून ठरवणार, किती थांबवणार, आणि थांबवल्यावर झळ नक्की कुणाला बसणार, की सगळे गप्प. हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण सगळ्यांनी मिळून भरलेला पैसा एखादं सरकार स्वतःच्या माणसांना वाटत असेल आणि त्याला कोर्टात ओढायची सोयच उरली नसेल तर बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं का? पण वाईट लिहिलेली अट ही अट नसण्यापेक्षा जास्त नुकसान करते, म्हणून हे सविस्तर.

समोर उदाहरण युरोपियन युनियनचं ठेवा. २७ देश, २०२१ ते २०२७ असं सात वर्षांचं बजेट, २०१८ च्या किमतीने १,०७४ अब्ज युरो, त्यावर कोविडनंतरच्या उभारीसाठी अजून ७५० अब्ज. एवढा पैसा वाटायचा म्हटल्यावर त्यांनी १६ डिसेंबर २०२० ला एक रेग्युलेशन केलं, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक कायदा, कायद्याचं राज्य मोडल्याने बजेटला धोका असेल तर त्या देशाचा पैसा अडवता यावा म्हणून, नंबर २०२०/२०९२, १ जानेवारी २०२१ पासून लागू. फार मोठं नाहीये, एका बैठकीत वाचून होतं, आणि ठराव लिहिणाऱ्याने ते मूळ वाचलंच पाहिजे, त्यावरची यूट्यूब लेक्चरं नंतर.

पेन उचलण्याआधी एक गोष्ट क्लिअर करा, तुमचा निधी सामायिक आहे की मदत आहे. श्रीमंत देशाने गरीब देशाला मदत देताना घातलेल्या अटी हा वेगळा विषय, त्याबद्दल भारतासारख्या देशांचा राग जुना आहे आणि त्याला कारणं आहेत. सामायिक निधीत मात्र प्रत्येक देश स्वतःहून सभासद झालेला असतो, स्वतः पैसे भरत असतो आणि नियम बनवताना टेबलावर बसलेला असतो. "आमच्या सार्वभौमत्वावर घाला" हा मुद्दा समोरची टीम काढणारच, त्याला उत्तर इथूनच द्यायचं. हंगेरी आणि पोलंडने रेग्युलेशनविरुद्ध केस केली तेव्हा युरोपच्या कोर्टाने साधारण हेच धरलं, की सभासदत्व तुम्ही मर्जीने घेतलंय, त्या मूल्यांवरच एकमेकांचा विश्वास उभा आहे आणि बजेट हे त्या विश्वासाचं प्रत्यक्ष रूप आहे. निकाल १६ फेब्रुवारी २०२२ चा, दोन्ही याचिका फेटाळल्या.

अजून एक फरक आधीच लक्षात घ्या. पैसा कुठे खर्च करायचा ही एक अट, आणि पैसा घेणाऱ्याने वागायचं कसं ही दुसरी. आपल्याकडे १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) ग्रामपंचायत निधीत ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा, हे कुठल्याही ग्रामसेवकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. ती पहिल्या प्रकारची अट आणि ती तपासायला सोपी, बिलं बघितली की झालं. आपण बोलतोय दुसऱ्या प्रकाराबद्दल आणि तिथे बिलं एकदम व्यवस्थित असून सुद्धा गडबड असू शकते.

आता मसुद्याचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. शिक्षा करायचीय की पैसा वाचवायचाय, हे एका वाक्यात लिहा आणि माझं ऐकाल तर पैसा वाचवायचाय असं लिहा. युरोपकडे शिक्षेचं कलम आधीपासून होतं, त्यांच्या कराराचं कलम ७, त्यात देशाचा मतदानाचा हक्कसुद्धा काढून घेता येतो. ते पोलंडविरुद्ध डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालं, हंगेरीविरुद्ध सप्टेंबर २०१८ मध्ये, आणि पुढे काहीच झालं नाही, कारण गंभीर उल्लंघन झालंय हे ठरवायला तो एक देश सोडून बाकी सगळ्यांचं एकमत लागतं आणि पोलंड हंगेरीला वाचवणार आणि हंगेरी पोलंडला हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून २०२० चं रेग्युलेशन वेगळ्या पायावर उभं केलं. तिथे प्रश्न असा विचारतात की तुमच्याकडच्या मोडतोडीमुळे आमच्या सगळ्यांच्या पैशाला धोका आहे का, आणि तो धोका पुरेसा थेट आहे का. हा "पुरेसा थेट" शब्दप्रयोग ठरावात आलाच पाहिजे, कोर्टात रेग्युलेशन टिकायला त्याचा मोठा हातभार लागला.

म्हणजे तुम्हाला साखळी जोडून दाखवावी लागते. कागद घ्या, डावीकडे लिहा काय मोडलं, उजवीकडे लिहा पैशाचं काय झालं, आणि मधले टप्पे भरा. हंगेरीच्या केसमध्ये टप्पे कसे होते बघा. सरकारी टेंडरं, त्यातल्या बऱ्याच टेंडरांना एकच बोली. एकच बोली आली म्हणजे चोरी झाली असं नाही, पण वर्षानुवर्षं तेच चालू असेल तर कुणीतरी तपास करायला हवा. तपास करून आरोपपत्र ठेवायचं काम सरकारी वकिलाच्या यंत्रणेचं, ती हलत नाही. मग त्या न हलण्याविरुद्ध दाद मागायला स्वतंत्र कोर्ट लागतं, तिथेही शंका. शेवटी गैरव्यवहार झालाय हे कळलं तरी पैसा परत मिळवायचा रस्ताच नाही. इथे न्यायाधीशाचं स्वातंत्र्य हा पुस्तकी विषय राहत नाही, तो वसुलीचा विषय होतो. याच्या जोडीला सार्वजनिक हिताचे म्हणून उभे केलेले ट्रस्ट होते, विद्यापीठं त्यांच्याकडे सोपवलेली, आणि त्यांच्या बोर्डांवर सत्तेतली राजकीय मंडळी, म्हणजे पैसा देणारे आणि घेणारे यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले.

साखळी मध्येच तुटत असेल तर मन मोठं करून ती तक्रार या अटीतून काढा. हंगेरीने २०२१ मध्ये मुलांच्या संरक्षणाच्या नावाखाली समलिंगी लोकांबद्दलच्या माहितीवर बंधनं आणणारा कायदा केला, तो अन्यायकारक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण टेंडरच्या पैशाशी त्याचा थेट संबंध दाखवता येत नाही. युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनचा कारभार बघणाऱ्या यंत्रणेने, त्यासाठी दुसरा मार्ग वापरला, मागास भागांच्या विकासनिधीला मूलभूत हक्कांची एक वेगळी पूर्वअट असते, ती लावली, आणि कोर्टात वेगळी केस. सगळं एकाच कलमात कोंबायचा मोह होतो, तसं केलं की एका कमकुवत मुद्द्यापायी बाकीचे चांगले मुद्देही पडतात.

व्याख्या पण लिहा, आळस नको. नुसतं "कायद्याचं राज्य" लिहून सोडलं तर प्रत्येक देश म्हणणार आमच्याकडे आहेच. रेग्युलेशनने त्याचे तुकडे पाडलेत: कायदे पारदर्शक, जबाबदार आणि लोकशाही प्रक्रियेतून झालेले असावेत, नियम आधी माहीत असावेत आणि रोज बदलू नयेत, सत्तेने मनमानी करू नये, स्वतंत्र कोर्टात दाद मागता यावी, सत्तेचं विभाजन असावं, कायद्यापुढे सगळे समान. यातलं बरंचसं आपल्याला ओळखीचंच वाटेल, आपल्या घटनेचं समानतेचं कलम १४ शिकलेल्याला तर नक्कीच.

पुढचा भाग सगळ्यात जास्त वेळ खाणारा आहे आणि पोरं नेमकी तिथेच घाई करतात. निर्णय कोण घेणार?

युरोपमध्ये कमिशन तपास करून प्रस्ताव मांडतं आणि कौन्सिल, म्हणजे सदस्य देशांचे मंत्री, मतदान करतात. एकमत लागत नाही, विशेष बहुमत लागतं, २७ पैकी किमान १५ देश आणि त्यांची लोकसंख्या एकूणाच्या ६५ टक्के. शिवाय मुदत आहे, कौन्सिलला एक महिना, फारच गरज पडली तर अजून जास्तीत जास्त दोन. ही मुदत तुमच्या मसुद्यात नसेल तर फाईल कुठल्यातरी टेबलावर पडून राहणार, आपल्याकडे सरकारी कामाचा ज्याला अनुभव आहे त्याला हे सांगायला नको.

पण एवढं करूनही एक भगदाड उरतं. या एका निर्णयाला बहुमत पुरतं हो, पण बाकीच्या मोठ्या निर्णयांना एकमत लागतं, आणि ज्याचा पैसा अडकलाय तो देश तिथे अडून बसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये हंगेरी आणि पोलंडने अख्खं बजेट अडवलं होतं, मग डिसेंबरात तडजोड झाली की कोर्टाचा निकाल येईपर्यंत कमिशन हे हत्यार वापरणार नाही, त्यात वर्षाच्या वर गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचा पैसा अडवायचा निर्णय आणि युक्रेनला १८ अब्ज युरो द्यायचा विषय, त्यात परत मोठ्या कंपन्यांवरचा १५ टक्के किमान कर, सगळं एकाच टेबलावर, हंगेरीने व्हेटो सोडला आणि अडवायची रक्कमही खाली आली. आणि डिसेंबर २०२३ तर बघाच. १३ तारखेला कमिशनने सांगितलं की हंगेरीने न्यायव्यवस्थेत पुरेशा सुधारणा केल्यात, सुमारे १०.२ अब्ज युरो मोकळे. १४ तारखेला युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचा विषय आला आणि हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान हॉलच्या बाहेर गेले, त्यामुळे विरोधात मत पडलं नाही. कमिशनचं म्हणणं असं की दोन्हीचा संबंध नाही, हंगेरीने त्या वर्षी न्यायव्यवस्थेचा कायदा खरंच बदलला होता. असेलही. पण युरोपियन पार्लमेंटला ते पटलं नाही, मार्च २०२४ मध्ये त्यांनी कमिशनलाच कोर्टात खेचलं. माझं मत असं आहे की तारखा अशा जुळल्या की निर्णय कितीही स्वच्छ असला तरी लोकांचा विश्वास जातो, म्हणून मसुद्यात लिहा की पैसा सोडायच्या निर्णयाचं कारणांसहित टिपण आधी जाहीर होईल, त्यावर हरकती घेता येतील, आणि मोठ्या बैठकीच्या ऐन तोंडावर असा निर्णय होणार नाही. पैसा अडवणाऱ्यालाही नियमात बांधल्याशिवाय ही अट पूर्ण होत नाही, माझ्या मते अख्ख्या विषयाचा गाभा तो आहे.

किती अडवायचं याला साधा नियम, धोका जितका तितकंच. सप्टेंबर २०२२ मध्ये कमिशनने हंगेरीच्या तीन कार्यक्रमांचा ६५ टक्के निधी थांबवायला सांगितला, साधारण ७.५ अब्ज युरो. हंगेरीने १७ सुधारणांची यादी दिली, त्यातल्या काही केल्या काही अर्धवट, तेव्हा १५ डिसेंबरला कौन्सिलने ५५ टक्के केलं, ६.३ अब्ज. म्हणजे अख्खा देश बंद केला नाही, ज्या कार्यक्रमांत टेंडरं जास्त तिथेच हात घातला. आणि मुदत संपली की अडवलेला पैसा कायमचा जातो, २०२४ संपताना हंगेरीचे सुमारे १ अब्ज युरो असे गेले, तेव्हाच्या दराने साधारण ९ हजार कोटी रुपये.

सगळंच एकदम काढून घ्या म्हणणाऱ्यांनी आपल्याच नाशिक विभागातलं उदाहरण बघावं. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेकाठी मणिबेली आहे, सरदार सरोवरात बुडालेलं महाराष्ट्राचं पहिलं गाव म्हणून ते ओळखलं जातं, तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. विस्थापितांचं पुनर्वसन कसं व्हायला हवं याचे बँकेचे स्वतःचे नियम होते आणि ते पाळले जात नव्हते. मेधा पाटकर आणि आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, १९९२ च्या तिच्या अहवालाने बँकेला आणि सरकारांना दोघांनाही धारेवर धरलं, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली चांगली, १९९३ मध्येच बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल काढलं, ज्यांचं घर जातंय असे दोन किंवा जास्त जण मिळून थेट तिथे तक्रार करू शकतात, स्वतःच्या सरकारची परवानगी लागत नाही. तुमच्या मसुद्यात असा दरवाजा हवाच. दुसरी कडू आहे. बँक बाहेर पडली तरी धरण थांबलं नाही, मध्ये सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, २००० मध्ये निकाल लागला, काम पुढे गेलं आणि २०१७ मध्ये लोकार्पण झालं. पैसा पूर्ण काढला की नियम पाळायला लावायची ताकदही गेली, मणिबेलीच्या माणसाच्या हातात काय आलं? म्हणून टप्प्याटप्प्याने अडवा, थोडी पकड ठेवून.

आता शेवटचा माणूस. रेग्युलेशनच्या पाचव्या कलमात लिहिलंय की युरोपचा पैसा थांबला तरी ज्याला तो मिळायचा होता त्या शेतकऱ्याचे, विद्यार्थ्याचे, संस्थेचे पैसे त्या देशाच्या सरकारने द्यायचेच, वरून आले नाहीत ही सबब चालणार नाही. हे कलम मसुद्यात जसंच्या तसं घ्या. पण ते पुरत नाही हेही लक्षात ठेवा. डिसेंबर २०२२ च्या निर्णयात त्या ट्रस्टांशी आणि त्यांच्या संस्थांशी नवे करार करायला बंदी आली, आणि त्या ट्रस्टांखाली २१ विद्यापीठं होती, सेगेद, डेब्रेत्सेनसारखी मोठी सुद्धा. इरॅस्मस या युरोपच्या योजनेवर बाहेर शिकायला जाणारे विद्यार्थी, होरायझन या संशोधन निधीच्या प्रोजेक्टमध्ये काम करणारे संशोधक, यांनी ना टेंडर काढलं ना बोर्डावर कुणाला बसवलं, फटका मात्र त्यांना बसला. बोर्डावरून मंत्री हटवायचं काम सरकारचं, त्याला घाई नव्हती. असं होऊ नये म्हणून मसुद्यात एक पर्यायी रस्ता ठेवा, की संस्था अपात्र झाली तर विद्यार्थ्याची स्कॉलरशिप त्याच्या थेट खात्यात जाईल, संस्थेला वगळून.

द्राक्षवाल्यांना हा मुद्दा लगेच कळतो. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले, म्हणजे ते लिहोसीन, एप्रिल छाटणीनंतर काडीत माल चांगला धरावा म्हणून सर्रास मारायचे. तपासायच्या औषधांच्या यादीत ते तेव्हा नव्हतंच, त्यामुळे इथे रिपोर्ट पास आणि तिकडे कंटेनर अडकलेले, निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. नंतर ते यादीत आलं, आज बागेची नोंदणी ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदीत असते, प्लॉटनिहाय सॅम्पल घेतात, एकाच्या प्लॉटमध्ये अंश सापडला तर त्याचाच माल थांबतो. अट लिहिताना हेच दोन निकष डोक्यात ठेवायचे: ती आधी सांगितलेली आहे का, आणि दोष कुणाचा हे प्लॉटपर्यंत जाऊन ओळखता येतं का.

परतीचा रस्ता स्पष्ट लिहा. काय केलं की पैसा सुटेल, कोण बघणार, किती दिवसांत. कोविड निधीसाठी हंगेरीला २७ टप्पे दिले होते, ते पूर्ण झाल्याशिवाय पैसे नाहीत. पोलंडचं प्रकरण इथे नीट वाचा. आधीच्या सरकारने न्यायाधीशांवर कारवाई करणारं एक शिस्तपालन मंडळ आणलं होतं, कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रोज १० लाख युरो दंड लावला, तो भरला नाही म्हणून मिळणाऱ्या निधीतून वळता केला. डिसेंबर २०२३ मध्ये टुस्क यांचं सरकार आलं, त्यांनी सुधारणांचा आराखडा दिला, युरोपच्या पैशातले घोटाळे तपासणाऱ्या युरोपच्या सरकारी वकील कार्यालयात सामील व्हायचं ठरवलं, आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला कमिशनने १३७ अब्ज युरोपर्यंतचा रस्ता मोकळा केला. सरकारची दिशा बदलली होती हे खरं, त्याचा मला आनंदच आहे. पण मोठे कायदे तेव्हा संसदेतून व्हायचे बाकी होते आणि राष्ट्राध्यक्ष जुन्या पक्षाच्या बाजूचे, म्हणजे बरंचसं आश्वासनावर सोडलं. हंगेरीवाले मग म्हणणारच की आवडतं सरकार आलं की पैसे सुटतात. म्हणून तुमच्या मसुद्यात पैसा हप्त्यात सोडा, आराखड्याला एक हप्ता, कायदा झाला की दुसरा, कायदा प्रत्यक्ष चालतोय हे दिसलं की तिसरा, आणि परत मोडलं तर पुन्हा अडवायची प्रक्रिया शून्यापासून सुरू करावी लागणार नाही असं एक वाक्य.

मसुदा झाला की तो गटातल्या अशा माणसाला द्या जो तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि त्याला सांगा की तू अडवलेल्या देशाचा वकील आहेस, फोड हे. तो पहिलं बोट ठेवणार पुराव्यावर, की माहिती कुणाची, एनजीओची की पेपरची? तिथे ऑडिट रिपोर्ट, कोर्टाचे निकाल, फसवणूक तपासणाऱ्या संस्थेचे अहवाल अशी नावं घालून उतरंड लिहा, आणि त्या देशाला उत्तर द्यायला किमान एक महिना द्या, युरोपच्या रेग्युलेशनमध्ये एक ते तीन महिने आहेत. मग तो म्हणेल दुसरा देशही हेच करतो, त्याला का नाही. त्यासाठी सगळ्या देशांचा दर वर्षी सारख्याच प्रश्नांवर अहवाल हवा, युरोपमध्ये कमिशन २०२० पासून असा अहवाल काढतं. हे दोन प्रश्न मसुद्यातच सुटले असतील तर कमिटीत उभं राहताना हात थरथरणार नाहीत, आणि परीक्षेच्या उत्तरात हाच मजकूर २५० शब्दांत बसवायचा असेल तर इतिहास कापा, साखळी, मतदान आणि शेवटच्या माणसाचं कलम तेवढं ठेवा.